आज कोण आले नाही?

(प्रौढ साक्षरता वर्गाच्या समारोपाच्या वेळी केलेले भाषण)





आज तुमचा वर्ग पुरा झाला. काल ज्यांना अंगठा उठवावा लागत होता, ते आज सही करतात. एसटीची पाटी वाचतात. या आनंदाच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी जन्मभर शाळामास्तर. थोडक्यात बोलणे मास्तरला जड जाते. तरी प्रयत्न करतो.

मी आज तुम्हाला आमच्या पाळकसाहेबांच्या रविवारच्या बोलण्याविषयी सांगणार आहे. इथे सगळ्या धर्मांचे लोक बसले आहेत. काहींनी आमच्या ख्रिस्ती देवळात कधी पाऊलही टाकले नसेल. म्हणून दोन शब्दांचा अर्थ आधी सांगतो.

पहिला शब्द "पाळक". आम्ही ख्रिस्ती लोक आमच्या धर्मगुरूला पाळक म्हणतो. पाळक म्हणजे पाळणारा, राखणारा. रानात धनगर मेंढरे राखतो ना, तसा. हा शब्द मला फार आवडतो. त्यात हुकूम नाही. त्यात राखण आहे.

दुसरा शब्द "मंडळी". देवळात जमणाऱ्या सगळ्या लोकांना मिळून आम्ही मंडळी म्हणतो. मंडळी म्हणजे इमारत नव्हे. वादळात देवळाचे पत्रे उडाले, तरी झाडाखाली मंडळी भरते. पण माणसे एकमेकांपासून तुटली, तर पत्रे शाबूत असूनही मंडळी राहत नाही.

आपल्या नगर जिल्ह्याला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, हे शब्द नवे नाहीत. १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला आले. त्यांनी शाळा काढल्या. पुढे खेड्याखेड्यांत मंडळ्या उभ्या राहिल्या. आमची मंडळीही तशीच एक लहान मंडळी आहे. पुरती चाळीस घरेसुद्धा नाहीत.

आमच्या पाळकसाहेबांकडे अशा तीन गावांच्या मंडळ्या आहेत. रविवारी ते वीस मिनिटे बोलतात. लोकांना वाटते, पाळकाचे काम एवढेच. पण बाकीचे सहा दिवस ते घरोघर फिरतात. कोणी आजारी, कोणाकडे बाळंतपण, कोणाचे भांडण, कोणाचे मरण. शनिवारी रात्री ते कंदिलासारखा एक लहान दिवा लावून शास्त्र उघडतात आणि आठवडाभर जे पाहिले ते आठवतात. त्यातून रविवारचा उपदेश तयार होतो. ते म्हणतात, "मास्तर, उपदेश अर्धा पुस्तकात असतो आणि अर्धा लोकांच्या उंबऱ्यावर."

उपासना संपली की ते दारात उभे राहतात. येणाऱ्या-जाणाऱ्याचा हात हातात घेतात. आणि शेवटी दर रविवारी एकच प्रश्न विचारतात,

"आज कोण आले नाही?"

मला हा प्रश्न सुरुवातीला साधा वाटला. मीही शाळेत हजेरी घेत असे. पोर आले नाही, की नावापुढे गैरहजर म्हणून मांडत असे. बरेच दिवस आले नाही, की पटावरून नाव कमी. काम झाले. पण पाळकसाहेबांची हजेरी तशी नाही. माझी हजेरी जिथे संपते, तिथे त्यांची सुरू होते. हे मला साठी उलटल्यावर समजले. कसे समजले, ते सांगतो. त्यात माझीच चूक आहे. चूक सांगायला लाज वाटते. पण जी सांगितली नाही, तिच्यातून कोणी शिकत नाही.

कापणीचा सण

आमच्याकडे सुगीनंतर कापणीचा सण असतो. शेतात जे पिकले त्यातला पहिला वाटा लोक देवळात आणतात. कोणी बाजरी आणतो, कोणी भुईमूग, कोणी भोपळा, कोणी कोंबडी. सगळे वेदीपुढे मांडतात. देवाचे उपकार मानतात. मग बाहेर अंगणात त्या जिनसांचा लिलाव होतो. भोपळ्याला कधी कधी कोंबडीचा भाव येतो. लोक हसतात, बोली वाढवतात. आलेले पैसे मंडळीच्या कामाला जातात.

मी मंडळीचा खजिनदार. हिशेबाची वही माझ्याकडे असते. गेल्या वर्षी लिलाव झाला. मी वहीत एक ओळ लिहिली. "कापणीचा सण, लिलाव, एकूण जमा." पुढे रक्कम लिहिली. बेरीज बरोबर होती. पैसा न् पैसा बरोबर होता.

सणानंतरच्या रविवारी मी वर्षाच्या वर्गणीची यादी वाचली. दर घराला ३०० रुपये वर्गणी ठरली होती. ज्यांनी दिली त्यांची नावे आधी वाचली. मग ज्यांच्याकडे येणे बाकी होती, त्यांची नावे वाचली. मोठ्या आवाजात, सगळ्यांपुढे. शाळेत निकाल वाचायची सवय होती, तसाच वाचला.

बाकीच्या यादीत एका विधवा बाईचे नाव होते. तिचे नाव मी इथे सांगत नाही. पण ही गोष्ट सांगायला तिने मला परवानगी दिली आहे. ती दुसऱ्याच्या रानात रोजंदारीने जाते. घरापुढे तुकडाभर जमीन आहे, त्यात थोडी बाजरी होते. मी नाव वाचले, तेव्हा ती खाली मान घालून बसली होती. मी पुढचे नाव वाचले.

पुढच्या रविवारी ती आली नाही.

पहिला रविवार : मेंढरू

त्या रविवारी पाळकसाहेबांनी लूकच्या शुभवर्तमानातला पंधरावा अध्याय काढला. त्यात येशूने सांगितलेल्या तीन गोष्टी आहेत. तिन्ही गोष्टी हरवण्याच्या आणि सापडण्याच्या. पाळकसाहेब म्हणाले, "आपण तीन रविवारी तीन गोष्टी घेऊ."

पहिली गोष्ट मेंढराची. एका माणसाची शंभर मेंढरे होती. त्यातले एक हरवले. तो नव्व्याण्णव मेंढरे मागे ठेवून त्या एकाला शोधायला गेला. सापडले तेव्हा त्याने ते खांद्यावर घेतले. घरी येऊन शेजाऱ्यांना बोलावले आणि आनंद केला.

पाळकसाहेब म्हणाले, "हिशेबाने पाहिले तर हा धंदा तोट्याचा आहे. शंभरात एक गेले तर काय बिघडले? पण देवाला शेकडा समजत नाही. त्याला एकेक समजते. आई पाच लेकरांची असली, तरी एक ताप येऊन पडले तर ती म्हणत नाही, की चार तर बरी आहेत ना. ही देवाची प्रीती. आणि पाहा, त्या माणसाने मेंढराला मारत आणले नाही. खांद्यावर आणले. जे हरवून थकले आहे, त्याला चालायला लावायचे नसते."

मी मान डोलावली. उपदेश चांगला होता.

दारात त्यांनी विचारले, "आज कोण आले नाही?"

मी त्या बाईचे नाव सांगितले. म्हणालो, "आजारी असेल."

ते म्हणाले, "असेल. तुम्ही पाहून आलात?"

मी म्हणालो, "नाही."

ते काही बोलले नाहीत.

दुसरा रविवार : नाणे

दुसरी गोष्ट नाण्याची. एका बाईकडे चांदीची दहा नाणी होती. एक हरवले. तिने दिवा लावला. घर झाडून काढले. नाणे सापडेपर्यंत ती शोधत राहिली. सापडल्यावर तिने मैत्रिणींना हाक मारली.

बायाबापड्यांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. कानातले फूल हरवले, की घर कसे पालथे घालतात, ते त्यांना ठाऊक आहे.

पाळकसाहेब म्हणाले, "मेंढरू आणि नाणे यांत एक फरक आहे. मेंढरू रानात हरवले. चरता चरता स्वतःच्या पायाने गेले. पण नाणे घरातच हरवले. आणि नाण्याला पाय नसतात. ते आपण होऊन जात नाही. ते कोणाच्या तरी हातून पडते."

हे बोलून ते थोडे थांबले. मग म्हणाले, "मंडळीतली काही माणसे अशीच हरवतात. त्यांनी पाप केलेले नसते. ती कुठे दूर गेलेली नसतात. दोन गल्ल्या पलीकडेच असतात. कोणाच्या तरी एका शब्दाने ती हातून पडलेली असतात. आपण मात्र म्हणतो, ते येत नाहीत. खरे तर म्हणायला पाहिजे, आपण त्यांना पाडले. आणि अशा माणसाला शोधायचे तर आपलेच घर झाडावे लागते. झाडताना धूळ उडते. ती आपल्याच तोंडावर येते. म्हणून पुष्कळ लोक झाडू हातात घेत नाहीत."

मित्रांनो, माझ्या पोटात कालवले. मी मनात म्हटले, यांना कोणी सांगितले की काय? पण त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. ते यादीच्या दिवशी दुसऱ्या गावी होते. बाई त्याही रविवारी आली नव्हती.

दारात त्यांनी पुन्हा विचारले. मी खाली पाहत पुन्हा तिचे नाव सांगितले. आणि वही काखेत धरून भराभर घरी निघून आलो.

तिसरा रविवार : दोन मुलगे

तिसरी गोष्ट तुम्ही कुठे तरी ऐकली असेल. एका बापाला दोन मुलगे होते. धाकट्याने आपला वाटा मागून घेतला, परदेशी जाऊन उधळला, उपाशी मरू लागला, मग घरी परतला. बापाने त्याला दुरून पाहिले. म्हातारा असून तो धावत गेला आणि पोराच्या गळ्यात पडला. घरात जेवण केले. पण थोरला मुलगा घरात येईना. तो अंगणातच रुसून उभा राहिला. त्याचे म्हणणे एवढेच होते, की मी इतकी वर्षे राबलो, मला काय मिळाले?

पाळकसाहेब म्हणाले, "बाप वाट पाहत होता, म्हणून त्याला मुलगा दुरून दिसला. जो वाट पाहत नाही, त्याला दारात आलेला माणूसही दिसत नाही."

मग त्यांनी आपल्याच मुलखातला एक दाखला दिला. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. मोठे कवी. जन्म १८६१ सालचा, कोकणातला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते ख्रिस्ती झाले. त्यांचे पुढचे पुष्कळ आयुष्य नगरास गेले. ते पाळकही झाले. आमच्या उपासनेत आजही त्यांची भजने टाळ-पेटीवर म्हणतात.

टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांची पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. त्यांच्यावर जणू आभाळ कोसळले. काही वर्षे नवराबायको वेगळी राहिली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहायला आल्या. आल्या तरी त्यांचे सोवळे होते. ते हळूहळू गळून पडले. १९०० साली त्यांनी स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला.

पाळकसाहेब म्हणाले, "प्रीतीला जबरदस्ती करता येत नाही. तिला वाट पाहता येते. पण वाट पाहणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. बाप वाटेकडे डोळे लावून होता आणि दिसताच धावला. आता थोरल्या भावाकडे पाहा. तो वाईट नव्हता. कष्टाळू होता. पण तो हिशेबी होता. बापाच्या घरात राहून त्याने बापाची प्रीती मोजली नाही. फक्त आपली मजुरी मोजली."

थोरला भाऊ हिशेबी होता! हा शब्द मला काट्यासारखा लागला. मंडळीचा हिशेबनीस मीच होतो.

त्या दिवशी त्यांनी दारात विचारायच्या आधीच मी म्हणालो, "पाळकसाहेब, ती बाई आजही आली नाही. मी यादी वाचली त्या दिवसापासून येत नाही."

ते म्हणाले, "मी तिच्या घरी दोनदा जाऊन आलो, गुरुजी."

मी विचारले, "काय म्हणाली?"

ते म्हणाले, "माझ्याशी तिचे भांडण नाही. तिला माझी वाट पाहायची नाही."

एवढेच बोलले. मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते. मला रागवायला जागा मिळाली असती.

चौथा रविवार : दानाचे ताट

चौथ्या रविवारी त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय घेतला. त्यात येशूने एक विलक्षण गोष्ट सांगितली आहे. तुम्ही देवापुढे दान घेऊन आलात, आणि तिथे तुम्हाला आठवले, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेवा. आधी जाऊन त्याच्याशी समेट करा. मग येऊन दान द्या. असा त्याचा अर्थ आहे.

पाळकसाहेब म्हणाले, "नीट ऐका. तुमच्या मनात राग आहे का, असे विचारलेले नाही. त्याच्या मनात तुमच्याविषयी काही आहे का, असे विचारले आहे. आपल्या मनात काही नसते. आपण सुखाने झोपतो. ज्याला लागले, तो जागा असतो. देव म्हणतो, त्या जागणाऱ्याकडे जा. माझे दान थोडा वेळ थांबेल. मी उपाशी नाही."

मग त्यांनी १९७० सालची आठवण दिली. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरास सहा निरनिराळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्याआधी कित्येक वर्षे बोलणी चालली होती. ते म्हणाले, "सहा पंथ एका देवळात आले. आणि आपल्याला दोन उंबऱ्यांमधली वाट चालता येत नाही?"

मग दानाचे ताट फिरले. फिरत फिरत माझ्यापुढे आले. मोजायचे काम माझे. मी ताट घेतले आणि तसेच वेदीपाशी ठेवले. कपाटातून हिशेबाची वही काढली आणि उपासना चालू असतानाच बाहेर पडलो. माझ्या आयुष्यात मी कधी उपासनेतून मधेच उठलो नव्हतो.

तिच्या उंबऱ्यावर

ती अंगणात शेण्या थापत होती. मला पाहून उठली. हात धुतले. पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. पण "बसा" म्हणाली नाही.

मी म्हणालो, "वहिनी, देवळात येत नाही तुम्ही."

ती म्हणाली, "गुरुजी, म्या दोन पायल्या बाजरी दिली व्हती कापणीच्या सणाला. ती म्या वर्गणी म्हणून दिली व्हती. माझ्याकडं तेवढंच व्हतं. तुमच्या वहीत माझी बाजरी कुठं हाय, ती दावा."

मी वही उघडली. "कापणीचा सण, लिलाव, एकूण जमा." त्या एका ओळीत तिची बाजरी होती. पण तिचे नाव कुठेच नव्हते. कोणाचेच नव्हते. तिने वहीत डोकावून पाहिले. तिला वाचता येत नव्हते. तिला त्या पानावर फक्त काळ्या मुंग्या दिसत होत्या. मला वाचता येत होते, आणि मला तिची बाजरी दाखवता येत नव्हती.

मंडळी, त्या क्षणी मला शास्त्रातली दुसरी एक विधवा आठवली. तिने देवळाच्या दानपेटीत अगदी हलकी दोन नाणी टाकली. श्रीमंतांनी पुष्कळ टाकले होते. पण येशू म्हणाला, की हिने सगळ्यांपेक्षा जास्त दिले, कारण हिने होते ते सारे दिले. ही गोष्ट मी संडे स्कूलच्या मुलांना किती वेळा शिकवली होती! आणि माझ्या वहीत ती बाई "येणे बाकी" झाली होती.

मी हात जोडले. म्हणालो, "वहिनी, माझी चूक झाली. मला माफ करा."

ती लगेच विरघळली नाही. तिने माझ्याकडे सरळ पाहिले आणि विचारले, "देवळात समद्यांपुढं वाचलं, गुरुजी. आन् माफी घरात येऊन मागता व्हय?"

मला उत्तर सुचले नाही. मी पाणी प्यालो आणि परत आलो.

ती बोलली ते खरे होते. जिथे अपमान केला, तिथेच तो पुसावा लागतो. चारचौघांत थुंकायचे आणि कोपऱ्यात पुसायचे, हा न्याय नव्हे.

पुढच्या रविवारी मी उपासनेत उभा राहिलो. पाय कापत होते. जन्मभर मुलांपुढे उभे राहिलेला मी, चाळीस घरांपुढे बोलताना घाबरलो. म्हणालो, "मी यादी वाचली ती चुकीची होती. या बाईंनी वर्गणी दिली होती. मी ती लिहिली नाही. तिला मान खाली घालावी लागली, तिची नाही, माझी मान खाली जायला पाहिजे होती." आणि आम्ही ठरवले, की यापुढे बाकीची नावे कधीही मोठ्याने वाचायची नाहीत. आणि कापणीच्या सणाला जो जे आणील, ते त्याच्या नावावर मांडायचे. भोपळा असला तरी.

ती त्या दिवशीही आली नव्हती. पण खेड्यात बातमीला पाय असतात. दुपारपर्यंत तिच्या घरी पोचली.

त्याच्या पुढच्या रविवारी उपासना सुरू झाली होती. पहिले भजन चालू होते. मागचे दार थोडे किरकिरले. ती आत आली आणि शेवटच्या सतरंजीवर बसली. कोणी मागे वळून पाहिले नाही. पाळकसाहेबांचा आवाज मात्र भजनात एकदम मोठा झाला.

आता थोडे वाचण्याविषयी

तुम्ही म्हणाल, गुरुजी, आमच्या वर्गाचा आणि या गोष्टीचा काय संबंध? संबंध आहे. त्याच महिन्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, मला बाकी काय नगं. वहीत माझं नाव कुठं हाय, तेवढं वाचता आलं पाहिजे." म्हणून ती वर्गात बसू लागली. ती आज तुमच्यातच बसलेली आहे. कोणती, ते ओळखू नका.

पंडिता रमाबाईंचे नाव तुम्ही वर्गात वाचले असेल. त्यांनी केडगावला मुक्ती सदन उभारले. दुष्काळातल्या निराधार बायकामुलींना तिथे आसरा दिला. त्या फार मोठ्या विदुषी. संस्कृत जाणणाऱ्या. पण आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी कशासाठी वेचली? साध्या खेडवळ बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी. मुळातल्या हिब्रू आणि ग्रीक भाषा त्या शिकल्या. १९२२ साली त्या वारल्या. १९२४ साली ते भाषांतर छापून निघाले. मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे काम केले.

मघाशी सांगितलेल्या लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर घरीच लिहावाचायला शिकल्या. पुढे त्यांनीच "स्मृतिचित्रे" लिहिली. १९३४ सालापासून ती भागाभागाने छापली गेली. आज मराठीतले एक उत्तम पुस्तक म्हणून थोरामोठ्यांना ती वाचावी लागतात.

सगळ्यांनी पुस्तके लिहायची नसतात. पण आपले नाव कुठे लिहिले आहे, आणि कुठे गाळले आहे, हे ज्याला वाचता येते, त्याला कोणी सहज खाली मान घालायला लावू शकत नाही. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ज्याच्या हातात वही आणि लेखणी आली, त्याने माझ्यासारखे करू नये. अक्षर माणसाला उजेड देते, तसे ते माणसाला पुसूनही टाकते. लेखणी हातात धराल तेव्हा विचारा, या बेरजेत कोणाची बाजरी बुडाली?

शेवट

यंदाचा कापणीचा सण झाला. वहीत एकेका जिनसेपुढे नाव लिहिले. ती बाई माझ्याजवळ आली. ओळीवर बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत तिने आपले नाव वाचले. पुढे वाचले, "बाजरी, दोन पायल्या." मग म्हणाली, "आता बराबर हाय, गुरुजी." कोणत्याही साहेबाच्या तपासणीत मला एवढा चांगला शेरा मिळाला नव्हता.

आणि आणखी एक गोष्ट घडली. ती सांगून थांबतो.

दिवाळीनंतर आमच्या मंडळीतली चार-पाच घरे ऊसतोडीला जातात. साखर कारखान्याच्या बाजूला कोप्या घालून राहतात. ती घरे रविवारी रिकामी असतात. आम्हा बाकीच्यांना त्याची सवय झाली आहे. परवाच्या रविवारी पाळकसाहेबांनी दारात नेहमीचा प्रश्न विचारला. मी उत्तर देणार, एवढ्यात मागून आवाज आला,

"साहेब, तोडीला गेलेली माणसं आली न्हाईत. त्यांच्यातली एक पोर बाळंतपणाला आलीय. तिच्याकडं कोण जाणार?"

आवाज तिचा होता. एकदा जिला शोधावे लागले, ती आता दुसऱ्याला शोधत होती. येत्या आठवड्यात पाळकसाहेबांच्या मोटारसायकलवर मागे बसून ती कोप्यांवर जाणार आहे. बाळासाठी जुनी लुगडी धुऊन तिने घडी करून ठेवली आहेत.

पाळकसाहेब नेहमी सांगतात, की देवाची प्रीती आभाळातून पाऊस पडावा तशी पडत नाही. ती माणसाच्या पायांनी चालत येते. कोणी उठून गेले, तरच ती पोचते. मला वाटते, हे फक्त ख्रिस्ती माणसासाठी खरे नाही. तुमचे भजनी मंडळ असो, बचत गट असो, ग्रामसभा असो, की घरातली पंगत असो. आलेल्यांची मोजणी सगळेच करतात. तुम्ही न आलेल्याची करा.

या वर्गात पहिल्या दिवशी किती जण होते, ते वर्गाच्या वहीत लिहिलेले आहे. आज किती जण बसले आहेत, ते तुम्ही पाहताच आहात. काही जण मधेच यायचे थांबले. आता तुम्हाला वाचता येते. जाताना ती वही उघडा. नावे वाचा. आणि घरी जायच्या वाटेवर त्यातल्या एकाच्या दारी थांबा.

एवढे बोलून मी माझे भाषण पुरे करतो. देव तुमचे भले करो.